जुनी फियाट म्हणजे मुदत ठेव नव्हे

जुन्या गाड्यांचे भाव चढायला लागले की आपल्याकडे दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला: "आत्ताच घेऊन ठेव, पाच वर्षांत पैसे दुप्पट." दुसरा: "घेतलीस की आतलं जुनं सगळं काढ. नवं इंजिन टाक, एसी टाक, अलॉय टाक. अपग्रेड केलेल्या गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळतं." बारामतीच्या एमआयडीसीत, भिगवणच्या ढाब्यावर, इंदापुरातल्या गॅरेजच्या बाकावर हे सल्ले ऐकू येतात, आणि दोन्ही देणारा माणूस बहुधा एकच असतो. मला या दोन्ही सल्ल्यांचा प्रतिवाद करायचा आहे. दोन्ही चुकीचे आहेत, शिवाय ते एकमेकांना खोडून काढतात. जुन्या गाडीचा भाव चढतो, कारण कारखान्यातून निघाली तशी उरलेली गाडी दुर्मीळ होत जाते. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड काढून टाकल्यावर दुर्मीळ असं उरतं काय, आणि भाव कशाचा वाढतो?

हा विषय आपल्या दोन तालुक्यांचा का आहे, ते आधी सांगतो. एक कारण पैशाचं. उसाची बिलं, कारखान्यांतले पगार आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गासाठी गेलेल्या जमिनींचा मोबदला, यांतून काही घरांत हौसेला वाव मिळाला आहे. आजोबांच्या काळात डॉक्टरांच्या किंवा कारखान्याच्या संचालकांच्या दारात दिसणारी गाडी आता नातवाला आपल्या दारात हवी आहे. ही इच्छा चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही.

दुसरं कारण अधिक जवळचं. बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शनला वळलं की वालचंदनगर लागतं. ज्यांच्या नावानं हे गाव उभं राहिलं त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथं डॉज आणि प्लायमाउथच्या गाड्या जुळवल्या गेल्या. पुढं इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट आधी प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. इंदापूर तालुक्याच्या मातीत साखर कारखाना उभारणाऱ्या माणसाच्या कंपनीची ही गाडी. म्हणून ती कापून-जोडून बाजारात उभी केलेली पाहताना इथल्या माणसाला थोडं जास्त लागायला हवं.

फियाटला स्पोर्ट्स कारच्या पंगतीत कशाला बसवता, असं कुणी विचारेल. त्यानं तिच्या इंजिनाचं घराणं पाहावं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया २०२ नावाची दोन आसनी गाडी बनली. तिच्यात फियाट ११०० चंच १०८९ सीसीचं इंजिन वाढीव ताकदीनं बसवलं होतं. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी या नामांकित चालकानं चिसितालिया दुसऱ्या क्रमांकावर आणली, आणि २०२ चं कूपे रूप आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा तिथं ताकद वाढवलेल्या फियाट धावल्या. युरोपातल्या मोठ्या स्पोर्ट्स कार या देशातल्या सामान्य माणसाला कधी परवडल्या नाहीत आणि बहुतेकांनी पाहिल्याही नाहीत. आपला वेगाचा इतिहास याच साध्या चार दारांच्या गाडीत आहे. जीप, कॉन्टेसा, आरएक्स १०० अशा ज्या-ज्या गाड्यांचे भाव आज चढले आहेत, त्यांनाही पुढचं सगळं लागू पडतं.

आता पहिला सल्ला: घेऊन ठेवा, दुप्पट होतील.

भाव एकाच दिशेनं जातात, हा समज जगात एकदा फार महाग पडलेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत जुन्या स्पोर्ट्स कार गुंतवणूक म्हणून घेण्याची लाट आली. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ या काळात बनलेली गाडी, एकूण ३६ नग. १९८९ च्या सुमारास तिची किंमत १ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत गेली आणि चार-पाच वर्षांत ३० लाखांच्या खाली आली. जगात ३६ च असलेल्या गाडीची ही गत झाली. पुढं ती पुन्हा चढली, २०१८ साली एक नग ४ कोटी ८४ लाख डॉलरला लिलावात गेला. पण मधली पंचवीस वर्षं ज्यांना थांबता आलं त्यांचाच तो फायदा. कर्ज काढून किंवा जमिनीचा मोबदला घालून गाडी घेणाऱ्याला ती मुभा नसते. आणि फियाट ३६ बनल्या नाहीत. मुंबईच्या टॅक्सी म्हणूनच ती हजारोंनी धावली.

आता घरचा हिशोब करू. समजा, ३ लाखांना गाडी घेतली आणि पत्रा, रंग, इंजिनकाम, गादीकाम मिळून २ लाख घातले. पाच वर्षांनी ती ७ लाखांना गेली. सांगणारा म्हणेल, "दोन लाख कमावले." हेच ५ लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर पाच वर्षांत ७ लाखांच्या थोडे वरच झाले असते, तेही दर वर्षी विमा न भरता, बॅटरी न बदलता, रबरं-नळ्या न शोधता आणि मिस्त्रीची वाट न बघता. म्हणजे हातात आलेला नफा शून्याच्या खाली. त्यात नोंदणी नूतनीकरणाचा खर्च धरा. १५ वर्षांपुढच्या मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी १०,००० केली. आयात केलेल्या चारचाकीला तर ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. भाव वाढतात हे खरं, पण सांभाळण्याचा खर्चही त्यांच्या बरोबरीनं वाढतो. तो हिशोबात न धरता सांगितलेला नफा हा नफा नव्हे.

गुंतवणुकीच्या कल्पनेवर सर्वांत मोठा घाव मात्र आपल्याच शेतातून बसतो. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठलं गेलं. त्या इथेनॉलचा एक भाग उसातून येतो, आणि ऊस हे आपलं पीक आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला हे धोरण पटतं. पण जुन्या गाडीच्या मालकानं त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि ओल फार वाढली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्र्याला आतून गंज चढतो. फियाटच्या काळातले पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, कडक होतात, तडकतात. कार्बोरेटरच्या गाडीला संगणक नसतो, त्यामुळं मिश्रण पातळ झालं तरी ती स्वतःहून पेट्रोल वाढवू शकत नाही, आणि इंजिन तापतं.

याचा अर्थ असा की झाकून ठेवलेली गाडी सर्वांत लवकर खराब होते. शर्यतीचा खिलार दावणीला बांधून ठेवून त्याची किंमत वाढेल, असं आपल्याकडचा एकही नादी माणूस म्हणणार नाही. जुन्या गाडीचंही तसंच आहे. तिला आठवड्यातून एकदा तरी रस्ता हवा, टाकीतलं पेट्रोल फिरतं हवं, ब्रेकचे सिलिंडर हलते हवेत. मग ज्याला ती चालवायचीच नाही, फक्त भाव चढेपर्यंत गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ठेवायची आहे, त्यानं पाच वर्षांत आपल्या हातानं आपला माल खराब केलेला असतो.

आता दुसरा सल्ला: इंजिन बदला, गाडी अपग्रेड करा.

या सल्ल्यामागचं कारण मला कळतं. पद्मिनीच्या इंजिनाची ताकद साधारण ४० अश्वशक्ती. पुणे-सोलापूर महामार्गावर मागून ट्रकचा हॉर्न वाजतो तेव्हा ती कमी वाटते. पण गाडी म्हणजे फक्त इंजिन नव्हे. ४० अश्वशक्तीच्या हिशोबानं तिचा गिअरबॉक्स आहे, मागचा ॲक्सल आहे, चारही चाकांचे ड्रम ब्रेक आहेत. शिवाय फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चासी, सगळं वजन त्याच पत्र्यावर तोललेलं. त्यात दुसऱ्या गाडीचं जड डिझेल इंजिन बसवायचं म्हणजे पुढचा पत्रा कापायचा, नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे, रेडिएटर हलवायचा. पन्नास वर्षांचा पत्रा कापला की तो पूर्वीसारखा होत नाही. इंजिन जोरात पळवतं आणि गाडी थांबत नाही, अशी ही अपग्रेड.

कायदाही यात स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळला नाही तर पासिंग अडतं, गाडी नावावर करताना अडतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला जागा मिळते. "आपल्या भागात कोण बघतंय?" हे उत्तर चालत नाही. रोज कुणी बघत नाही, पण ज्या दिवशी माणूस जखमी होतो त्या दिवशी सगळे बघतात.

आणि आता भावाचं. जगात ज्या बाजारात कोटींनी पैसे मोजले जातात, तिथं खरेदीदार पहिला प्रश्न हाच विचारतो की कारखान्यानं बसवलेलं इंजिन अजून याच गाडीत आहे का. चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळले तर एक किंमत, नाही जुळले तर बरीच खालची. आपल्या नियमांचीही तीच दिशा आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात जपलेलं वाहन 'व्हिंटेज' म्हणून वेगळं नोंदवता येतं. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता या वयात आल्या आहेत. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला दर रविवारी मोरगावला दर्शनाला जायचं आहे त्यानं साध्या नोंदणीवर राहावं. पण कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवायला मूळ इंजिन जागेवर असायला हवं. ते भंगारात विकलं की दार कायमचं बंद.

इथं एक बिनतोड वाटणारा मुद्दा पुढं येतो: "लोकांना जुना आकार आणि नवं यंत्र हेच आवडतं. आपल्या बारामतीत पियाजिओनं तेच केलं ना?" केलं, आणि उत्तम केलं. २०१२ पासून बारामतीच्या कारखान्यात व्हेस्पा बनते आहे. रूप जुन्या घराण्याचं, इंजिन नवं. पण त्यासाठी कंपनीनं एकही जुनी व्हेस्पा कापली नाही. ब्रेक, सांगाडा, इंजिन सगळं एकमेकांना जुळेल असं नव्यानं आखलं आणि चाचण्या करून विकलं. ज्याला जुनं रूप आणि नवी सोय हवी आहे त्यानं अशी नवी वस्तू घ्यावी, त्यात काहीच कमीपणा नाही. जुनी गाडी कापून तिची अर्धवट नक्कल मात्र करू नये. जुन्या गाडीत विजेची मोटार बसवण्यालाही माझं हेच उत्तर आहे. मान्यताप्राप्त किट असेल तर कायद्यात जागा आहे, रोजच्या वापराच्या साध्या गाडीला ते शहाणपणाचंही ठरेल. पण फियाट आवाज, गिअर आणि पेट्रोलच्या वासासकट घ्यायची असते. तिचा नुसता पत्रा हवा असेल तर ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्या.

मग काहीच बदलायचं नाही का? तसं मी म्हणत नाही. सुरक्षिततेचा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. माझी कसोटी अशी: जो बदल गाडीला थांबवतो, दिसतं करतो, थंड ठेवतो किंवा आगीपासून वाचवतो, आणि जो उद्या पत्रा न कापता पूर्ववत करता येतो, तो करावा. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात, पंपाचा पडदा त्याच प्रतीचा घ्यावा, फिल्टर लावावा, टाकी आतून साफ करून घ्यावी. कार्बोरेटरचे जेट जाणत्या माणसाकडून जुळवून घ्यावेत. ब्रेकचे मास्टर आणि व्हील सिलिंडर, होज, लायनर पूर्ण नवे करावेत. नीट बसवलेले ड्रम फियाटला तिच्या स्वतःच्या वेगात व्यवस्थित थांबवतात. भाजलेलं, जागोजागी टेप गुंडाळलेलं वायरिंग काढून नवं हार्नेस आणि फ्यूज घालावेत, हेडलाइटला रिले लावावेत. जुनी डायनॅमोची गाडी असेल तर अल्टरनेटर चालेल. पुढं सीटबेल्ट नसतील तर ते आधी बसवावेत, रंगाचा विचार नंतर. काढलेला प्रत्येक जुना भाग तेलाचं बोट लावून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. हे सगळं बाहेरून दिसत नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही, म्हणूनच बाजार त्याला अपग्रेड म्हणत नाही. गाडी टिकते ती मात्र याच कामावर.

विकत घेताना हीच कसोटी उलटी लावा. चमकणारा रंग बघून सौदा करू नका. लोहचुंबक घेऊन जा आणि दारांच्या खालची पट्टी, चाकांच्या कमानी, फरशीचा पत्रा तपासा. जिथं चुंबक धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. पत्रा हीच चासी असल्यामुळं तिथला गंज हा नुसता दिसण्याचा दोष राहत नाही. इंजिन थकलेलं असलं तरी चालेल, ते बांधता येतं. सडलेला पत्रा आणि न जुळणारे नंबर असलेली गाडी स्वस्तातही महाग पडते. एमएच ४२ ची पाटी असो की मुंबईहून आलेली गाडी असो, कागद आधी पाहा, बोनेट नंतर उघडा.

एक तिसरं मतही खोडायला हवं, कारण त्याच्या आडून मोठा अन्याय होतो. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते," असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात खाजगी मोटारीला असा नियम नाही. तपासणीत पास झाली आणि नोंदणीचं नूतनीकरण झालं की ती चालवता येते. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी तिथल्या रस्त्यावरून गेली. दिल्लीचे निर्बंध वेगळे आहेत. हे नियम एकत्र कालवून खेड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मालकाला किंवा त्याच्या मागं राहिलेल्या बाईला घाबरवायचं, "आता हिचं भंगारच होणार" म्हणून किरकोळ पैशांत गाडी उचलायची आणि पुण्यात तीच लाखांत विकायची, हा व्यवहार चढत्या भावाच्या कथेत कुणी सांगत नाही. घरात जुनी गाडी असेल तर त्या घरानं आधी आरटीओत जाऊन खरा नियम विचारावा. आणि घेणाऱ्यानं मालकाला खरा भाव सांगावा.

सर्वांत आधी दुर्मीळ होणारी गोष्ट मात्र गाडी नाही. कार्बोरेटर कानानं जुळवणारा, व्हॉल्व्हचं अंतर हाताच्या अंदाजानं ओळखणारा, लेथवर बुश उतरवून देणारा मिस्त्री दुर्मीळ होतो आहे. त्याच्या हाताखाली आता शिकायला कुणी येत नाही, कारण नव्या गाड्यांचं काम वेगळं आहे. इंजिन बदलून टाकणारा प्रत्येक मालक या कारागिराकडचं एक काम कमी करतो. उलट मूळ इंजिन बांधून घेणारा मालक त्याच्या पोराला हे काम शिकायचं कारण देतो.

म्हणून बारामती-इंदापूरच्या हौशी मित्रांना माझं सांगणं एवढंच. फियाट घ्या, जरूर घ्या, पण चालवायला घ्या. नफ्याचे पैसे बँकेत ठेवा, हौसेचे पैसे गाडीत घाला, दोन्ही वह्या वेगळ्या ठेवा. इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेकला लावा. रंगाआधी पेट्रोलच्या नळ्या बदला. जो मिस्त्री म्हणेल, "हे काढून टाकू," त्याच्याकडून गाडी परत आणा. जो म्हणेल, "हे बांधून देतो," त्याला वेळ द्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.